टेकाडांमागचं वर्तुळ: ॲपल पार्कभोवतीच्या कुतूहलाचा प्रकरण अभ्यास

कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनो शहरात दक्षिणेला इंटरस्टेट २८० महामार्ग, पश्चिमेला वुल्फ रोड, उत्तरेला होमस्टेड रोड आणि पूर्वेला टँटाऊ ॲव्हेन्यू अशा चौकटीत ॲपल कंपनीचं मुख्यालय आहे. जागा १७५ एकरांची. मधली मुख्य इमारत कड्यासारखी गोल, जमिनीवर चार मजल्यांची, ४६१ मीटर व्यासाची आणि २८ लाख चौरस फुटांची. इथे बारा हजारांहून जास्त माणसं काम करतात आणि बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही. तरीही या इमारतीचा पाया खणल्यापासून काचा बसेपर्यंतचा जवळपास प्रत्येक टप्पा लाखो लोकांनी पाहिला, त्यावर वाद घातले आणि तिथल्या झाडांचीही मोजदाद केली. जगात याहून उंच आणि याहून महाग इमारती आहेत. त्यांच्या वाट्याला असं कुतूहल क्वचितच येतं.

याचं नेहमीचं उत्तर असतं, 'गुप्तता पाळली की लोकांना जास्तच उत्सुकता वाटते'. ते अपुरं आहे. नुसती गुप्तता पाळणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या इमारतींकडे कुणी फिरकत नाही. ॲपल पार्कच्या बाबतीत गुप्ततेच्या जोडीला एक सक्तीचा उघडेपणा होता. बांधकामाचे नकाशे, आकडे आणि हरकती कायद्याने सार्वजनिक झाल्या आणि त्याच वेळी प्रत्यक्ष जागा कुंपण, टेकाडं आणि झाडी यांच्याआड गेली. कागदावर दिसतं पण डोळ्यांना दिसत नाही, ही तफावत कुतूहलाचं खरं इंधन ठरली. पुढची सगळी मांडणी त्या तफावतीची आहे.

७ जून २०११ ची सभा

सुरुवात नगर परिषदेच्या एका साध्या बैठकीत झाली. आदल्या दिवशी कंपनीच्या वार्षिक परिषदेत भाषण करून ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुपर्टिनोच्या परिषदेसमोर नकाशे घेऊन उभे राहिले. हे त्यांचं शेवटचं सार्वजनिक दर्शन ठरलं. २४ ऑगस्टला त्यांनी कंपनीचं मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडलं आणि ५ ऑक्टोबरला त्यांचं निधन झालं. लोकांच्या मनात ही इमारत त्यांच्या मृत्यूशी जोडली गेली ती इथेच. पुढे कंपनीने कितीही तांत्रिक भाषा वापरली तरी तो धागा तुटला नाही.

त्या सादरीकरणात जी माहिती दिली गेली ती कंपनीच्या नेहमीच्या वागण्याच्या मानाने अचाट होती. जागा पूर्वी ह्युलेट-पॅकार्डची होती, हे सांगताना जॉब्स यांनी लहानपणी त्या कंपनीचे सहसंस्थापक बिल ह्युलेट यांना फोन करून सुटे भाग मागितल्याची आणि त्यातून उन्हाळ्याची नोकरी मिळाल्याची आठवणही सांगितली. मग आकडे आले. एकाच इमारतीत बारा हजार माणसं. जागेवरची ३,७०० झाडं वाढवून सुमारे ६,०००. हिरवळीखालचं क्षेत्र २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर. गाड्या बहुतेक जमिनीखाली. काचेचा एकही तुकडा सरळ नाही. वीज स्वतःच्या नैसर्गिक वायूच्या केंद्रातून, सार्वजनिक वीज फक्त राखीव. आणि तिथे कामाला जाणार २०१५ मध्ये. अवकाशयान उतरल्यासारखी दिसते, हे वर्णनही त्यांचंच. 'स्पेसशिप' हे टोपणनाव तिथून निघालं आणि कंपनीने नंतर दिलेल्या अधिकृत नावापेक्षा जास्त टिकलं.

याच बैठकीत परिषदेच्या एका सदस्याने शहराला मोफत वाय-फाय मिळेल का, असं विचारलं. जॉब्स यांचं उत्तर सरळ होतं: आम्ही कर भरतो, ही कामं शहराची, कर माफ करत असाल तर वाय-फाय देतो. बैठकीची चित्रफीत शहराने नेहमीप्रमाणे खुली केली आणि ती जगभर फिरली. कंपनीने स्वतः एवढी माहिती कधीच प्रसिद्ध केली नसती. ती मिळाली कारण परवानगी देणारं कार्यालय लोकनियुक्त होतं आणि त्याची बैठक उघडी होती.

फाइल: सगळ्यात मोठी खिडकी

कॅलिफोर्नियात १९७० पासून पर्यावरण गुणवत्ता कायदा आहे. मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी शहराला पर्यावरण परिणाम अहवाल करून घ्यावा लागतो, त्याचा मसुदा लोकांसमोर ठेवावा लागतो आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावं लागतं. इथपर्यंत कोणत्याही मोठ्या इमारतीचं जे होतं तेच.

ॲपलने पुढे एक जास्तीची पायरी चढली. राज्याच्या २०११ च्या ॲसेंब्ली बिल ९०० या कायद्याखाली प्रकल्पाला 'पर्यावरणात आघाडीचा प्रकल्प' असा दर्जा मिळवला; राज्यपालांनी तो २०१२ मध्ये दिला. फायदा असा, की कुणी कोर्टात गेलं तर खटला झटपट निकाली निघतो. बदल्यात दोन गोष्टी द्याव्या लागतात. हरितगृह वायूंमध्ये निव्वळ वाढ होणार नाही याची हमी, आणि प्रकल्पाची संपूर्ण नोंद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, काम चालू असतानाच इंटरनेटवर. हरकतींची पत्रंसुद्धा आल्यावर थोड्याच दिवसांत चढवायची. म्हणजे वेळ वाचवण्यासाठी निवडलेल्या वाटेनेच सगळे कागद एका ठिकाणी, शोधता येतील असे, जगासमोर ठेवले. या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित आणि आमच्या मते सर्वांत निर्णायक तपशील हाच आहे.

मसुदा अहवाल जून २०१३ मध्ये आला. त्यात प्रकल्पाची उद्दिष्टं लिहिलेली आहेत आणि त्यांतलं एक असं: नव्या उत्पादनांच्या शोधासाठी लागणारी सुरक्षितता आणि खासगीपणा मिळवण्यासाठी जागेतून जाणारी सार्वजनिक वाट पूर्ण बंद करणे आणि हद्दीवर अनधिकृत माणसांना रोखणे. गुप्तता हे सरकारी कागदावरचं उद्दिष्ट झालं आणि तो कागद कुणीही वाचावा असा होता.

या उद्दिष्टाचा परिणाम कागदापुरता नव्हता. प्रुनरिज ॲव्हेन्यू हा सार्वजनिक रस्ता जागेच्या मधून जात होता. त्याचा तो तुकडा कायमचा बंद झाला. रहिवाशांपैकी काहींची मागणी होती की निदान कॅलाबाझस ओढ्याकाठी पायी आणि सायकलने जाण्याची वाट ठेवावी. ती मान्य झाली नाही. कारण विचारलं की वरच्या उद्दिष्टाकडे बोट. मालकाने पूर्वीपासून बंद ठेवलेल्या जागेबद्दल माणसं फारशी तक्रार करत नाहीत. रोजच्या पायाखालचा रस्ता बंद झाला की त्याच्या पलीकडे काय चाललंय, हा प्रश्न शेजाऱ्याच्या तोंडी आपोआप येतो. वाहनं, धूळ, आवाज यांच्या तक्रारी होमस्टेड रोडपलीकडच्या सनीवेल शहरातूनही आल्या.

१५ ऑक्टोबर २०१३ ला परिषदेने एकमताने मंजुरी दिली, १९ नोव्हेंबरला ती अंतिम झाली. वाटाघाटीत कंपनीने एक आर्थिक अटही मान्य केली: शहराला मिळणाऱ्या विक्रीकरातून कंपनीला परत जाणारा हिस्सा ५० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आला.

अशी फाइल वाचायची कशी, हे इथे सांगायला हवं, कारण बहुतेक उत्सुक लोक थेट रंगीत चित्रांकडे जातात आणि फसतात. संगणकावर काढलेली चित्रं विकण्यासाठी असतात. त्यांत झाडं पूर्ण वाढलेली, आकाश निरभ्र आणि माणसं विरळ. आधी स्थळ-नकाशा काढावा. त्यावर हद्द, आत-बाहेर जाण्याची दारं, भुयारी मार्ग आणि वाहनतळ कळतात. मग उभा छेद पाहावा. मजल्यांची खरी उंची, जमिनीखालचं खोदकाम आणि मातीची टेकाडं छेदातच दिसतात, वरून काढलेल्या नकाशात नाहीत. वाहतुकीच्या प्रकरणात माणसांची संख्या मिळते: या प्रकल्पात १४,२०० पर्यंत कर्मचारी आणि ११,००० च्या आसपास गाड्यांच्या जागा. झाडांचं परिशिष्ट जागेवरच्या प्रत्येक झाडाचं काय होणार ते सांगतं. शेवटी हरकतींची उत्तरं. उत्तर जिथे तुटक होतं ती जागा नीट वाचावी, कारण वाद तिथेच असतो.

फाइलमध्ये जे नसतं तेही समजून घ्यावं. कोणता विभाग कुठे बसेल, प्रयोगशाळेत काय होईल, आतली दारं कोणाला उघडतील, याबद्दल बांधकाम परवानगीला देणंघेणं नाही. शहर विचारतं ते वजन, पाणी, वाहनं, आग आणि सावली यांच्याबद्दल. म्हणून फाइल वाचणाऱ्याला कवच पूर्ण कळतं आणि आतलं काम अजिबात कळत नाही. कुतूहल कमी न होता नेमकं होतं ते असं.

रस्त्यावरून काही का दिसत नाही

खणलेली माती बाहेर न नेता तिचीच टेकाडं केली गेली आणि त्यांवर झाडं लावली. चार मजली इमारत झाकायला टेकाड फार उंच लागत नाही, याचं गणित सोपं आहे. समजा पदपथावर उभ्या माणसाचे डोळे १.६ मीटरवर आहेत, २० मीटरवर ४ मीटर उंचीचं टेकाड आहे आणि इमारत १५० मीटरवर. टेकाडाच्या माथ्यावरून जाणारी नजर दर २० मीटरला २.४ मीटर चढते. १५० मीटरवर ती जवळजवळ २० मीटरवर पोचते. म्हणजे त्याखालचं सगळं झाकलं. टेकाड ६ मीटरचं केलं तर झाकली जाणारी उंची ३४ मीटरच्या पुढे जाते. त्यावर झाडांचे शेंडे धरले की उरते ती फटीतून चमकणारी पांढरी कड.

झाडांची निवड याच हेतूला पूरक आहे. प्रत्यक्षात लावलेली झाडं ९,००० च्या पुढे गेली, स्थानिक आणि कमी पाण्यावर तगणारी. जॉब्स यांनी २०११ ला सांगितलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर काय टिकलं आणि काय बदललं ते कळतं. वर्तुळ टिकलं, वळवलेली काच टिकली. झाडं दीडपट झाली. वायूवर चालणारं वीजकेंद्र मागे पडून छतावर १७ मेगावॅटचे सौर पॅनेल आले. २०१५ ची तारीख एप्रिल २०१७ वर गेली. असे फरक शोधणं हाच अनेकांचा छंद झाला, आणि तो शक्य होता कारण मूळ आकडे चित्रफितीत कायमचे नोंदलेले होते.

आकाशातून

२०१४ पासून हौशी ड्रोन चालकांनी जागेवरून चित्रण करून दर महिन्याला प्रसिद्ध करायला सुरुवात केली. कंपनीने प्रगतीबद्दल मौन पाळलं, त्यामुळे ही चित्रणंच कामाचा अहवाल ठरली. आधी मोठा गोल खड्डा, मग भुयारी वाहनतळाच्या भिंती, मग बाहेर तयार करून आणलेले पोकळ काँक्रीटचे तुकडे. हे तुकडे चार हजारांहून जास्त होते आणि त्यांची गंमत हवेतून कळणारी नव्हती: एकच तुकडा खालच्यांचं छत, वरच्यांची जमीन आणि पोकळीतून हवा खेळवणारा मार्ग, तिन्ही होतो. वर्षातले सुमारे नऊ महिने गरम-थंड करणारी यंत्रणा लागत नाही असं कंपनी सांगते, त्याच्या मुळाशी ही रचना आहे. जमिनीखालचे भूकंपरोधक आधार तर एकदा झाकले गेले की कायमचे दिसेनासे होतात. ६९२ मोठ्या पोलादी बशांवर इमारत टेकलेली आहे आणि मोठ्या भूकंपात ती कोणत्याही दिशेला चार फुटांपर्यंत सरकू शकते.

ड्रोनच्या बहुतेक सगळ्या चित्रणांत वर्तुळ तिरकं दिसतं. याचं कारण नियम आणि भूमिती यांच्या गाठीत आहे. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाचा लहान ड्रोनसाठीचा नियम, भाग १०७, २९ ऑगस्ट २०१६ ला लागू झाला. त्यात उंचीची मर्यादा जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२२ मीटर. ड्रोन चालकाच्या नजरेत राहिला पाहिजे. २४ मिलिमीटरच्या समतुल्य भिंगाचा आडवा कोन सुमारे ७४ अंशांचा असतो. १२२ मीटरवरून सरळ खाली पाहिलं तर चौकटीत १८३ मीटर रुंदी मावते, आणि वर्तुळ ४६१ मीटरचं आहे. पूर्ण कडं एका चौकटीत घ्यायचं तर वर्तुळाच्या केंद्रापासून साधारण ३८५ मीटर मागे जावं लागतं, म्हणजे बाहेरच्या भिंतीपासून दीडशे मीटर दूर. बरोबर डोक्यावरून घेतलेलं आणि एकाच चौकटीत सगळं बसणारं चित्र दिसलं, तर ते बहुधा उपग्रहाचं, विमानातलं किंवा तुकडे जोडून केलेलं असतं.

चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. उड्डाण सार्वजनिक रस्त्याच्या कडेवरून करावं लागतं. तिथून वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूपर्यंत अंतर इतकं होतं, की लहान ड्रोन उघड्या डोळ्यांना ठिपक्याएवढाही राहत नाही. नजरेत ठेवण्याचा नियम तिथेच मोडतो. बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांची. वाऱ्याविरुद्ध परत यायला जास्त लागते, हे जाताना लक्षात राहत नाही. हरवलेला ड्रोन छतावरच्या सौर पॅनेलमध्ये पडल्याचीही घटना झाली, आणि तो शोधायला दुसऱ्याने ड्रोन उडवला. अशा वेळी चालकाला आत जाऊन वस्तू आणता येत नाही. सुरक्षा विभागाकडेच जावं लागतं.

कंपनीने सरसकट बंदी का घातली नाही, असं विचारलं जातं. हवाई हद्दीचे नियम केंद्र सरकार करतं. जमीनमालकाला वरच्या सगळ्या आकाशावर हक्क नाही. १९४६ च्या कॉझबी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाचा हक्क जमिनीच्या वापरासाठी लागणाऱ्या लगतच्या हवेपुरता मानला. त्या खटल्यातली विमानं ८३ फुटांवरून जात होती. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा दुरुस्त करून खासगी व्यवहार टिपण्यासाठी परवानगीशिवाय हवेतून शिरणं हा खासगीपणाचा भंग ठरवला. पण चालू बांधकामाचं कवच टिपणं त्यात सहजी बसत नाही. म्हणून सुरक्षारक्षकांनी चालकाला गाठून उड्डाण थांबवायला सांगणं, एवढाच व्यवहार्य उपाय उरला. पुढे माणसं कामाला आली तशी ही विनंती जास्त वेळा होऊ लागली आणि नियमित चित्रणं विरळ झाली. आम्हाला हे योग्य वाटतं. रिकाम्या बांधकामावरून ड्रोन नेणं वेगळं आणि बारा हजार माणसांच्या डोक्यावरून नेणं वेगळं.

काच: आतली बातमी बाहेर कशी आली

इमारतीची वळवलेली काच जर्मनीतल्या गेर्स्टहोफेन इथल्या झेले कंपनीची. आकाराने ती जगातली सर्वांत मोठी वळवलेली काच असल्याचा दावा ॲपलने केला. बांधकाम चालू असताना आतल्या तपशिलांच्या बातम्या आल्या त्या बहुतेक काम संपवून गेलेल्या कंत्राटदारांच्या माणसांकडून: दाराला उंबरा नको, मजल्याची रेघ सपाट हवी, विशिष्ट लाकूड कसं वापरायचं त्याची तीस पानांहून मोठी नियमावली. गोपनीयतेचे करार नोकरांवर घट्ट बसतात; शेकडो उपकंत्राटदारांच्या साखळीत ते सैल होतात.

२०१८ च्या सुरुवातीला सगळ्यांत जास्त फिरलेली बातमी मात्र वेगळ्या वाटेने आली. कर्मचारी चालता चालता पारदर्शक काचेवर आदळत होते, काहींना जखमा झाल्या. तातडीच्या मदतीसाठी फोन गेले. हे फोन सार्वजनिक यंत्रणेकडे जातात आणि त्यांच्या नोंदी कॅलिफोर्नियाच्या माहिती कायद्याखाली मागता येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाने त्या मिळवल्या. काचेवर माणसांनी चिकट चिठ्ठ्या लावल्या आणि देखाव्याला बाधा येते म्हणून त्या काढल्या गेल्या, अशीही बातमी आली.

या अपघाताचं तांत्रिक कारण साधं आहे. काच दिसते ती तिच्यामुळे नाही; चौकट, हँडल, उंबरा, प्रतिबिंब आणि दोन बाजूंच्या प्रकाशातला फरक यांच्यामुळे. लोहाचं प्रमाण कमी ठेवून केलेल्या काचेला हिरवट झाक नसते. उंबरा काढला की पायाला खूण मिळत नाही. दोन्ही बाजूंना सारखाच उजेड आणि सारखीच पांढरी जमीन असली की प्रतिबिंब पुसट होतं. यातलं एक एक सुटं असतं तर फार बिघडलं नसतं. सगळं एकत्र आलं की भिंत अदृश्य होते. त्यात हातात फोन घेऊन चालणारा माणूस.

उपायही माहीत असलेला आहे. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत अशा काचेवर दोन उंचींवर खुणा मागितल्या आहेत: जमिनीपासून ८५० ते १,००० मिलिमीटर आणि १,४०० ते १,६०० मिलिमीटर. खूण मागच्या पार्श्वभूमीवर उठून दिसली पाहिजे, दिवसाही आणि दिवे लागल्यावरही. पांढऱ्या जमिनीसमोर पांढरे ठिपके लावले तर नियम पाळल्यासारखं दिसतं आणि आदळणारा आदळतोच. कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा नियमांतही काचेवर ठळक, टिकाऊ खुणांची किंवा अडथळ्याची अपेक्षा आहे. देखाव्यासाठी खूण टाळणं हा चुकीचा निर्णय होता, असं आम्ही स्पष्टपणे म्हणतो. इमारत कितीही सुंदर असो, माणसाच्या कपाळापेक्षा ती मोठी नाही.

कुतूहलाच्या दृष्टीने या घटनेचं महत्त्व असं, की आतलं कामकाज पूर्ण बंद असताना पहिली खात्रीशीर आतली बातमी अपघाताची मिळाली. अधिकृत माहिती जिथे नसते तिथे सार्वजनिक यंत्रणेला स्पर्श करणाऱ्या गोष्टीच बाहेर दिसतात: आग, अपघात, वाहतूक, कर. त्यावरून बांधलेलं चित्र साहजिकच काळं होतं.

व्हिजिटर सेंटर

२२ फेब्रुवारी २०१७ ला नाव जाहीर झालं, एप्रिलमध्ये माणसं येऊ लागली, १२ सप्टेंबरला स्टीव्ह जॉब्स थिएटरमध्ये पहिला कार्यक्रम झाला. थिएटर १,००० आसनांचं, पण ती आसनं जमिनीखाली. वर दिसतो तो २० फूट उंच आणि १६५ फूट व्यासाचा काचेचा गोल आणि त्यावर कार्बन फायबरचं छत. मग १७ नोव्हेंबरला व्हिजिटर सेंटर उघडलं. पत्ता १०६०० नॉर्थ टँटाऊ ॲव्हेन्यू.

त्यात दुकान, कॅफे, प्रदर्शनाची जागा आणि छतावर गच्ची. प्रदर्शनाच्या जागेत पूर्ण परिसराची ॲल्युमिनियमची प्रतिकृती ठेवली. ती मुद्दामच कोरी होती. पाहुण्याच्या हातात आयपॅड दिला जाई आणि तो प्रतिकृतीवर धरला की झाडं, हवेचा प्रवाह आणि छताखालचे मजले पडद्यावर दिसत. गच्चीवरून झाडांच्या शेंड्यांपलीकडे वर्तुळाचा वरचा भाग दिसतो. पूर्ण वर्तुळ तिथून दिसत नाही आणि दिसणारही नाही. आतल्या बागेचा तर प्रश्नच नाही.

पाहुण्यांच्या चुका इथे रोजच्या आहेत. नकाशात 'ॲपल पार्क' टाकलं की गाडी कर्मचाऱ्यांच्या दाराशी जाऊ शकते. तिथून फक्त परत फिरता येतं. थिएटर जवळ दिसतं म्हणून तिकडे चालत जाणाऱ्यांनाही अडवलं जातं. काहीजण इन्फिनिट लूप या जुन्या, १९९३ च्या मुख्यालयाशी उतरतात. कर्मचारी ओळखीचा असला तरी मुख्य इमारतीत नेईलच असं नाही. एका तासात दुकान, कॉफी आणि गच्ची उरकते, आणि बरेचजण 'एवढंच?' म्हणत निघतात. दोष केंद्राचा नाही. ते मुख्यालय पाहण्यासाठी बांधलेलंच नाही. मुख्यालयाच्या दाराशी येणाऱ्या गर्दीला रस्त्यावरून उचलून एका जागी आणण्यासाठी बांधलंय, आणि ते काम चोख होतं.

वेळेचा निर्णय मात्र चुकला. जॉब्स यांच्या सादरीकरणापासून केंद्र उघडेपर्यंत सहा वर्षं गेली. त्यातली बांधकामाची चार वर्षं लोकांची भूक सगळ्यांत मोठी होती आणि त्या काळात अधिकृत खिडकी एकही नव्हती. कुंपणावर एक तात्पुरती उंच गच्ची, दर महिन्याला एक अधिकृत छायाचित्र आणि एक परिच्छेद माहिती, एवढ्याने ड्रोनची निम्मी उड्डाणं अनावश्यक झाली असती असं आमचं मत आहे. बांधकामाच्या चित्रांतून नवं उत्पादन उघड होत नाही. गुप्ततेची गरज प्रयोगशाळेला होती. ती खड्ड्यालाही लावली गेली.

कॅमेरा कंपनीच्या हाती

जून २०२० पासून परिस्थिती उलटली. महासाथीमुळे वार्षिक परिषद प्रेक्षकांविना झाली आणि सादरीकरण चित्रफितीतून आलं. त्यात स्वतः कंपनीनेच ॲपल पार्कवरून कॅमेरे फिरवले: रिकामे जिने, आतली बाग, छत, थिएटर. ज्या कोनासाठी हौशी चालक वर्षानुवर्षं धडपडले तो कोन आता दर कार्यक्रमात येऊ लागला. जून २०२२ मध्ये निवडक सॉफ्टवेअर विकासकांना परिसरात बोलावून सादरीकरण दाखवण्यात आलं.

कुतूहल यामुळे थांबलं नाही, त्याची जात बदलली. आधी प्रश्न होता 'काय बांधताहेत?', आता 'हे खोलीचं दार खरं आहे की चित्रीकरणाचा देखावा?'. इथे सावध राहावं. अधिकृत चित्रफितीत जागा जोडलेल्या दिसतात त्या प्रत्यक्षात तशा जोडलेल्या असतीलच असं नाही. कॅमेरा एका दारातून शिरतो आणि संकलनात दुसऱ्याच मजल्यावर निघतो. मापं काढायची तर अजूनही २०१३ चे छेद-नकाशेच विश्वासाचे. प्रकाश, साहित्य, काचेची झाक आणि माणसांची वर्दळ समजायला चित्रफीत उपयोगी.

शेजाऱ्यांच्या पदरात यातून काय पडलं, हा भाग कमी लिहिला जातो. प्रुनरिजचा तुकडा परत आला नाही. जागेवरचं १९१६ चं ग्लेंडेनिंग कोठार उकलून परिसरातच दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उभारलं गेलं, पण ते कुंपणाच्या आत असल्याने शहराचा तो जुना वारसा शहरातल्या माणसाला सहज पाहता येत नाही. विक्रीकराचा वाढीव हिस्सा आला. आणि २० जानेवारी २०२४ ला इन्फिनिट लूपवरचं दुकान बंद झालं, तेव्हापासून ॲपलचं मुख्यालय पाहायला कुपर्टिनोत येणाऱ्याला टँटाऊ ॲव्हेन्यूवरची ती एक गच्चीच उरली आहे.